पांढरी तार, पिवळी तार

ॲनेट किणीची सगळी नोकरी मायक्रोस्कोपला डोळे लावून झाली. सकाळी गोराईच्या धक्क्यावरून लाँच पकडायची, बोरिवलीहून पुढे अंधेरी, तिथून बसने मरोळ. कारखान्यात लांबलचक टेबलाशी बसून तांदळाच्या कणीएवढे पार्ट सर्किट बोर्डावर सोल्डर करायचे. शेजारी शेजारी बायका बसायच्या, हात चालायचे आणि तोंडंही चालायची. ॲनेटच्या हातचा बोर्ड तपासणीतून परत आलाय असं कधी झालं नाही. तिला त्याचा अभिमान होता, पण ती तसं बोलून दाखवत नसे.

कारखाना गुजरातला हलला आणि बायका घरी बसल्या. तेव्हा ॲनेटला फारसं काही वाटलं नाही. घरी आई होती. अंथरुणाला खिळलेली, तरी दिवसभर हाका मारणारी. मग आईही गेली. धाकटा भाऊ वॉरेन कॅनडात होता. तो रविवारी चर्चमधली मिसा आटोपल्यावर फोन करायचा, तिकडच्या थंडीबद्दल सांगायचा आणि "घर आता कशाला सांभाळत बसलीस?" असं विचारायचा. त्यानंतर पुढच्या रविवारपर्यंत फोन वाजत नसे.

एकदा दारावर मासळीवाली आली. "आज नको," म्हणताना ॲनेटचा आवाज घोगरा निघाला, जुनं दार करकरावं तसा. तेव्हा तिच्या लक्षात आलं की कालपासून आपण तोंडातून शब्दच काढलेला नाही.

अशात एके दिवशी सुयोग आला.

सुयोग मरोळच्या कारखान्यात काही वर्षं ज्युनियर इंजिनियर होता. आता त्याने मानसी नावाच्या मैत्रिणीबरोबर बोरिवलीत एक गाळा भाड्याने घेतला होता आणि दोघं छोट्या बोटी बनवत होते. हातभर लांबीची, माणूस नसलेली बोट. ती तळ्यावर सोडली की सरळ रेषेत इकडून तिकडे फिरत राहायची आणि पाणी किती खोल आहे, तळाशी किती गाळ साचलाय, ते मोजायची.

"हिला मेंदू म्हणून मी ड्रोनचा ऑटोपायलट बोर्ड वापरतो," सुयोगने खिशातून काडेपेटीएवढा बोर्ड काढून दाखवला. "हौशी लोक ड्रोन उडवायला वापरतात ना, तोच. आणि हा त्याचा कान." त्याने दुसऱ्या हातावर एक वस्तू ठेवली. अंगठ्याच्या नखापेक्षा लहान. "रिसिव्हर. माझ्या हातातल्या रिमोटचं हा ऐकतो आणि बोर्डाला सांगतो. दोघांमध्ये चार तारा. पण जागा इतकी बारीक आहे आंटी, की माझ्याकडून तीन बोर्ड जळाले. प्लग लावला तर हादऱ्याने निघतो. सोल्डरच करायला पाहिजे आणि वरून लेप द्यायला पाहिजे, पाणी जाऊ नये म्हणून. मग मला तुमची आठवण झाली."

ॲनेटने चष्मा वर करून ती वस्तू डोळ्याजवळ धरली. चार टिकल्या होत्या, खसखशीएवढ्या.

"ह्यात काय आहे," ती म्हणाली.

सुयोगने गाळ्यातला जुना मायक्रोस्कोप आणून दिला. आईच्या खाटेच्या जागी ॲनेटने टेबल लावलं. दोन तारा विजेच्या, लाल आणि काळी. उरलेल्या दोन बोलण्याच्या: पांढरी आणि पिवळी. एकाच्या बोलण्याची तार दुसऱ्याच्या ऐकण्याच्या टिकलीला जायला हवी. बोलण्याला बोलणं जोडलं तर दोघंही बोलत राहतात आणि कुणीच ऐकत नाही. सुयोगने कागदावर चित्र काढून दिलं होतं, पण तिला एकदा बघून पुरलं. तिने पहिले चार बोर्ड करून त्यांवर पांढरा लेप दिला आणि ते डब्यात कापसावर ठेवले.

दोन दिवसांनी सुयोग त्यातला एक घेऊन परत आला.

"चालत नाहीये आंटी. रिसिव्हरचा दिवा लागतो, म्हणजे रिमोटशी त्याचं जमलंय. पण बोर्डाला काही कळत नाही."

त्याने लॅपटॉप उघडून दाखवला. पडद्यावर हिरव्या पट्ट्या होत्या. रिमोटची दांडी हलवली की त्या पट्ट्या मागेपुढे व्हायला हव्यात. त्याने दांडी हलवली. पट्ट्या जागच्या जागी.

ॲनेटचे कान गरम झाले. तिने लेप सोलून एकेक सांधा मायक्रोस्कोपखाली तपासला. सगळे सांधे गोल, चकचकीत, जागच्या जागी. मग दोघं मिळून शोधायला बसले. दुपार झाली तशी ती उठली, बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या. सुयोग ओट्याशी उभा राहून बोलत राहिला. मरोळच्या कँटीनमधल्या चहाबद्दल, त्या कडक सुपरवायझरबद्दल, आईने लग्नासाठी लावलेल्या भुणभुणीबद्दल. जेवताना त्याने तिसरी भाकरी मागून घेतली. उन्हं उतरायला लागली तेव्हा तो एकदम कपाळावर हात मारून हसला.

"माझीच चूक. लॅपटॉपमध्ये रिसिव्हरचं दार, म्हणजे पोर्ट, जीपीएसला देऊन बसलोय. तुमचं काम ठीकच होतं."

त्याने सेटिंग बदलली आणि दांडी हलवली. हिरव्या पट्ट्या मागेपुढे सरकल्या. ॲनेट त्यांच्याकडे बघत राहिली.

तो गेल्यावर तिने दोन ताटं घासली. दोन ताटं घासून तिला किती दिवस झाले होते ते तिला सांगता आलं नसतं.

पुढचे बोर्ड व्यवस्थित चालले. सुयोग धक्क्यावर डबा घ्यायचा, नवे बोर्ड द्यायचा आणि त्याच लाँचने परत जायचा. "मस्त काम आंटी, एकदम झकास," एवढं बोलणं व्हायचं. ॲनेट घरी येऊन मायक्रोस्कोपला डोळे लावायची. काम लवकर संपायचं. तिच्याकडून काम हळू होतच नसे.

त्या दुपारी तिने काही ठरवलं होतं असं नाही. एक बोर्ड समोर होता. लाल आणि काळी तार लावून झाली होती. पांढरी तार चिमट्यात होती. तिने ती पिवळीच्या टिकलीवर नेली, क्षणभर तिथेच धरली आणि सोल्डरिंग गन टेकवली. मग पिवळी पांढरीच्या जागी. सांधे सुंदर आले. तिने वर लेप दिला. लेपाखालून बाहेर येणाऱ्या तारा बघून कुणालाच काही कळलं नसतं.

दुसऱ्या आठवड्यात न चालणारा बोर्ड घेऊन सुयोग आला. तो घरापर्यंत आला. या वेळी ॲनेटने आधीच कोळंबी आणून ठेवली होती.

लेप सोलायला तिने वेळ लावला. मध्ये चहा केला. सुयोगच्या लग्नाचं काय झालं ते विचारलं, मानसीबद्दल विचारलं. जेवणं झाल्यावर, तो डुलकी काढून उठल्यावर ती म्हणाली, "तार उलटी गेली रे माझ्याकडून. पांढरी आणि पिवळी."

"होतं कधी कधी," सुयोग म्हणाला. "तुमच्याकडूनही चूक होते बघून मला बरंच वाटलं."

ॲनेट हसली. तो गेल्यावर मात्र तिला ते वाक्य बोचत राहिलं. रात्री जेवताना तिने कोळंबीचं पातेलं तसंच झाकून ठेवलं.

यापुढे असं करायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं. ते महिनाभर टिकलं. मग गावातला सण आला आणि गेला. शेजारच्यांकडे मालाडचे, वसईचे पाहुणे आले. अंगणात खुर्च्या टाकल्या गेल्या, उशिरापर्यंत गाणी चालली. तिलाही बोलावलं होतं. ती गेली, तासभर बसली, प्रत्येकाने "वॉरेन कसा आहे?" एवढंच विचारलं आणि ती घरी आली. दुसऱ्या दिवशी टेबलावर एकच बोर्ड उरला होता. तिने पांढरी तार उचलली.

त्याच संध्याकाळी सुयोगचा फोन आला. "आंटी, तो एक बोर्ड तयार आहे ना? आमच्या बोटीत पाणी गेलंय, जुना उडाला. उद्या सकाळी मी धक्क्यावर येतो. बोरिवलीच्या बाजूलाच थांबतो, तुम्ही जरा इकडे आणून द्याल?"

"दोन दिवस थांब ना," ॲनेट म्हणाली.

"नाही हो. उद्याच पाहिजे."

रात्री ती मायक्रोस्कोपशी जाऊन बसली. लेप सोलून तारा बदलायला फार वेळ लागला नसता. पण तिच्या मनात आलं, एकच बोर्ड आहे, चालला नाही तर दुपारपर्यंत तो इकडेच येईल. तिने दिवा मालवला.

सकाळी सुयोग धक्क्याच्या तोंडाशी रिक्षा थांबवून उभा होता. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. रिक्षात मागे बोट ठेवलेली.

"आत्ता इथूनच मुलुंडला चाललोय," तो म्हणाला. "मोठ्या तलावाचं काम आहे आंटी. आज चालवून दाखवायचीये. जमलेत सगळे तिकडे. मानसी पण पोचली."

ॲनेटच्या हातात डबा होता. "थांब. एकदा बघून..."

"तुमच्या कामात काय बघायचं?" त्याने डबा घेतला आणि पुढच्या कामाचे तीन बोर्ड तिच्या हातात दिले. "बोटीत बसवायला रिक्षात वेळ आहे मला. चला, येतो."

रिक्षा वळून गेली. ॲनेट तिथेच उभी राहिली. तिच्याकडे फोन होता, सुयोगचा नंबर सगळ्यात वर होता. फोन केला असता तर तो मुलुंडच्या वाटेवर थांबला असता, लोकांकडे दुसरी वेळ मागितली असती. पण मग सांगावं लागलं असतं. लाँच सुटायची वेळ झाली तशी ती जाऊन बसली. अर्ध्या वाटेत तिने फोन काढला, नाव बघितलं आणि परत पिशवीत टाकला.

त्या दिवशी सुयोग आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ॲनेटने दोन्ही दिवस जेवण केलं आणि दोन्ही दिवस तिला ते गेलं नाही.

तो आला तेव्हा दुपार होती. त्याच्या हातात फळांची पिशवी होती. ॲनेटने ती बघितली. आजाऱ्याला भेटायला येताना लोक तशी पिशवी आणतात.

"काय झालं मुलुंडला?" तिने उभ्या उभ्याच विचारलं.

"नाही चालली." तो खुर्चीत बसला. "काठावर दहा-बारा लोक. मी दांडी हलवतोय, बोट ढिम्म. कोणीतरी म्हणालं, खेळणं दुकानात परत द्या. ते काम गेलं. असू दे, दुसरं मिळेल." मग तो जरा पुढे सरकून हळू बोलायला लागला. "आंटी, मी काल घरी लेप सोलून बघितलं. परत पांढरी आणि पिवळी. तुम्ही रागावू नका. माझ्या आईचं असंच झालं होतं. पांढऱ्या-पिवळ्यातला फरकच कळेना तिला. मोतीबिंदू होता. बोरिवलीला आमचे ओळखीचे डॉक्टर आहेत, मी नेतो तुम्हाला. साधं ऑपरेशन असतं, दुसऱ्या दिवशी घरी."

ॲनेटने फळांची पिशवी उचलून ओट्यावर ठेवली.

"आणि हे काम आता राहू दे," तो म्हणाला. "डोळ्यांना ताण कशाला? आता असे बोर्ड येतात ज्यात रिसिव्हर आतच बसवलेला असतो. महाग आहेत, पण सोल्डरची भानगड नाही. मायक्रोस्कोप राहू दे तुमच्याकडे. मला काही लागत नाही."

तो जेवायला थांबला नाही. जाताना दारात वळून म्हणाला, "डॉक्टरांची वेळ घेऊन फोन करतो." त्याने केलाही. ॲनेटने उचलला नाही.

त्यानंतरचे दिवस तिला फार कठीण गेले. गंमत अशी की सुयोग येत नाही यापेक्षा तिला दुसरीच गोष्ट जास्त छळत होती. तो तिला आंधळी समजून गेला होता. मरोळच्या त्या लांब टेबलाशी कुणी तिला असं म्हटलं असतं तर सगळ्या बायका हसल्या असत्या. आता ती टेबलाशी बसून रिकाम्या बोर्डावर केसाएवढ्या तारा लावायची, काढायची, परत लावायची. एकही सांधा चुकायचा नाही. ते बघायला कुणी नव्हतं. आणि मुलुंडच्या काठावर इस्त्रीचा शर्ट घालून उभा असलेला सुयोग काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

रविवारी वॉरेनचा फोन आला. बोलता बोलता त्याने विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

"डोळे ठीक आहेत माझे," ती म्हणाली.

"डोळ्यांचं कोण बोललं?" वॉरेन गोंधळून म्हणाला.

सोमवारी ती लाँचने बोरिवलीला गेली. सुयोगकडून शेवटचे आलेले तीन बोर्ड तिच्याकडे पडून होते. ते तिने पूर्ण करून डब्यात घेतले होते. मायक्रोस्कोप जुन्या चादरीत गुंडाळून बरोबर घेतला होता. गाळा तिने कधी पाहिला नव्हता, विचारत विचारत पोचली. आत एक लांब टेबल, बोटींचे सांगाडे, भिंतीला लटकवलेले पान्हे, पकडी. एका कोपऱ्यात पाण्याने भरलेली मोठी प्लास्टिकची टाकी. सुयोग लॅपटॉपवर होता. केस बांधलेली एक तिशीची मुलगी बोटीचा पंखा साफ करत होती. ती मानसी.

"आंटी, तुम्ही कशाला आलात एवढं ओझं घेऊन?" सुयोग उठला.

"हे तीन लाव आधी," ॲनेट म्हणाली.

त्याने मानसीकडे बघितलं. मानसीने खांदे उडवले. पहिला बोर्ड लावला, रिमोट चालू केला. पट्ट्या हलल्या. दुसरा. हलल्या. तिसरा. हलल्या.

"वा," सुयोग म्हणाला. "म्हणजे तुम्ही डॉक्टरकडे..."

"डोळ्यांना काही झालेलं नाही. कधीच नव्हतं." ॲनेटने खुर्चीची पाठ धरली. "तारा मी मुद्दाम उलट्या लावल्या. दोन्ही वेळा."



"मुद्दाम म्हणजे?" मानसीने हातातलं फडकं खाली ठेवलं. "मुलुंडचा बोर्ड पण?"

"तो पण. मुलुंडचं मला सकाळी कळलं. कळलं तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलं नाही."

"पण का?" सुयोगने विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

"बोर्ड चालला नाही की तू घरी यायचास."

सुयोग तिच्याकडे बघत राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "आंटी, नुसतं सांगायचं ना. ये म्हणून. मी आलो असतो."

"एकदा आला असतास."

 ते खरं होतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. आपण चुकीचे ठरलो असतो तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

मानसी चिडली होती आणि ती लपवत नव्हती. "तुम्हाला माहीतये, आम्ही सहा महिने त्या तलावाच्या मागे होतो? मी रात्र रात्र बसून नकाशे केले. त्या माणसांसमोर आमची वाट लागली."

"माहीत नव्हतं. आता कळलं," ॲनेट म्हणाली. "मी माफी मागायला आलेय. आणि हा मायक्रोस्कोप."

तिने चादरीचं गाठोडं टेबलावर ठेवलं आणि जायला वळली. दारापर्यंत पोचली तेव्हा मागून मानसीचा आवाज आला. अजून तसाच रागातला.

"काम इथे बसून करायचं."

ॲनेट थांबली.

"घरी काही जाणार नाही यापुढे. इथे, त्या टेबलावर. लेप द्यायच्या आधी मी प्रत्येक बोर्ड लावून बघणार. पट्ट्या हलल्या तरच लेप." मानसीने सुयोगकडे बघितलं. "ते रेडिमेड बोर्ड आपल्याला परवडत नाहीत, आणि तुझा हात चालत नाही. माझा तर नाहीच."

सुयोग खिडकीकडे तोंड करून उभा होता. 

दुसऱ्या दिवसापासून ॲनेट रोज लाँचने येऊ लागली. तिला भिंतीकडेची जागा दिली. सुरुवातीचे दिवस वाईट गेले. मानसी बोर्ड उचलायची, लावायची, पट्ट्या बघायची आणि "ठीक" एवढं म्हणून परत ठेवायची. सुयोग कानाला हेडफोन लावून बसायचा. दुपारी ते दोघं खाली वडापाव खायला जायचे, ॲनेट आपला डबा टेबलाशी बसून खायची. माणसांच्या खोलीत बसून इतकं एकटं वाटू शकतं हे तिला माहीत नव्हतं. घरी निदान कुणी पाठ फिरवत नव्हतं. तरी ती दुसऱ्या दिवशी यायची. एकही बोर्ड परत आला नाही.

पावसाळा संपता संपता त्यांना एका कॉलेजच्या आवारातल्या तळ्याचं छोटं काम मिळालं. मानसी तापाने आडवी होती. सुयोगने सकाळी गाळ्याचं कुलूप काढताना ॲनेटला विचारलं, "येता का? एकट्याला बोट सोडायला आणि लॅपटॉप बघायला जमत नाही." एवढं लांब वाक्य तो त्या सोमवारनंतर पहिल्यांदाच बोलला.

तळ्याच्या काठी त्याने बोट पाण्यात सोडली आणि रिमोट तिच्या हातात दिला. "डावी दांडी पुढे करा. हळू."

ॲनेटने दांडी पुढे केली. बोटीने पाणी कापलं आणि ती सरळ निघाली. तिने केसाएवढ्या तारा जोडून दिल्या होत्या, पण हे ती पहिल्यांदाच बघत होती. इथे अंगठा हलला की तिथे लांब पाण्यात ती वळायची. बोट पलीकडच्या कमळांपर्यंत जाऊन ठिपक्याएवढी झाली.

"अजून ऐकतेय?" तिने विचारलं.

"ऐकतेय," सुयोग लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाला. थोड्या वेळाने त्याने रिमोटचं एक बटण दाबायला सांगितलं आणि बोट स्वतःच्या मनाने रेघा मारायला लागली. आता हात लावायचं कारण नव्हतं. दोघं काठावरच्या कठड्यावर बसले. सुयोगने पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला, फोडला आणि दोघांच्या मध्ये ठेवला.

"मला अजून राग आहे," तो म्हणाला.

"असणारच."

"आईला सांगितलं मी हे सगळं. ती म्हणाली, ती बाई जेवायला घालत होती आणि तू तिला एकदाही घरी बोलावलं नाहीस." त्याने एक बिस्किट घेतलं. "त्याने राग गेला नाही. पण सांगितलं तुम्हाला."

ॲनेटने मान डोलावली. बोट दूरच्या टोकाला वळली आणि परतीच्या रेघेला लागली. पाण्यावर तिच्यामागे एक बारीक रेघ उमटत होती आणि लगेच मिटत होती.

सुयोग गोराईच्या घरी त्यानंतर कधी आला नाही. ॲनेट रविवारी एकटीच जेवते, आणि वॉरेनचा फोन झाला की संध्याकाळ तशीच लांबते. सोमवारी सकाळी मात्र ती पहिल्या लाँचला असते. मानसी आता बोर्ड लावून बघायचं कधी कधी विसरते, तेव्हा ॲनेटच तिला हाक मारते. "अगं, हे बघितलं नाहीस. आधी बघ, मग लेप देते."